कर्बाचे मोल आणि वाडीचा धनी

आर्थर पिगू ह्यांच्या ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ ह्या ग्रंथात (प्रथमावृत्ती १९२०) आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचे एक उदाहरण आहे. ठिणग्यांमुळे रुळालगतची वने जळतात. वनाच्या मालकाची हानी होते, परंतु ती रेल्वे कंपनीच्या जमाखर्चात कोठेही उमटत नाही. खाजगी परिव्यय आणि सामाजिक परिव्यय ह्यांतील हे अंतर राज्यसंस्थेने कर बसवून भरून काढावे, हा विचार पुढे पिगूंच्या नावाने रूढ झाला. वातावरणात सोडल्या जाणाऱ्या कर्बवायूला किंमत लावून हवामानबदलास आळा घालण्याचे आजचे धोरण ह्याच विचाराचे अपत्य होय. फिनलंडने १९९० साली व स्वीडनने १९९१ साली कार्बन-कर बसविला, युरोपीय संघाने २००५ साली उत्सर्जन-परवान्यांचा बाजार उघडला, आणि भारताने जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. ह्या सर्वांची वंशावळ त्या ठिणग्यांपर्यंत नेऊन भिडविता येते.

पिगूंच्या उदाहरणात पक्ष तीन आहेत : इंजिन चालविणारा, कर बसविणारा आणि ज्याचे वन जळाले तो. कार्बन-किंमतीवरील आजचे विपुल वाङ्मय वाचीत गेल्यास असे आढळते की, पहिल्या दोन पक्षांविषयीची चर्चा दिवसेंदिवस सूक्ष्म होत गेली आहे. किंमत किती असावी, ती करातून यावी की परवान्यांतून, उद्योगधंद्यांच्या स्पर्धाशक्तीवर तिचा काय परिणाम होईल, ह्या प्रश्नांवर लिहिले गेले नाही असे फारसे उरलेले नाही. तिसरा पक्ष मात्र मधल्या मधे गळाला आहे. ही केवळ विस्मृती आहे की सिद्धान्ताच्या रचनेतच तिचे मूळ आहे, हे तपासावयाचे तर जळालेल्या वनाच्या जागी एखादी खरी बाग घेऊन पाहणे बरे. रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे त्या दृष्टीने सोयीचे गाव आहे.

मराठी भाषेच्या अभ्यासकांना हे गाव शके ९८२ (इ. स. १०६०) च्या मराठी ताम्रपटामुळे परिचित आहे. प्रवाशांना ते समुद्रकिनारा, सुरूचे बन आणि सुवर्णगणेश ह्यांमुळे ठाऊक असते. गावाचा संसार मात्र नारळी-पोफळीच्या वाड्यांवर चालत आला आहे. श्रीवर्धनी रोठा ही सुपारी ह्याच टापूतली. वाडी म्हणजे एका पिकाचे शेत नव्हे. नारळाच्या छायेत पोफळ, पोफळीवर चढविलेला मिरीचा किंवा पानाचा वेल, खाली केळ, कडेला एखादे जायफळ, अशी ती मजल्यामजल्यांची रचना असते. तिचे क्षेत्र बहुधा गुंठ्यांत मोजावयाचे, आणि सातबारावर नावे अनेकांची. पोफळ लावल्यापासून ती धरू लागेपर्यंत पाच ते सात वर्षे जातात आणि मग ती पुढची कित्येक दशके उत्पन्न देते. वाडी ही म्हणूनच शेतीपेक्षा ठेवीशी अधिक मिळतीजुळती वस्तू आहे. एका पिढीने ठेवावी आणि पुढल्या पिढीने तिचे व्याज खावे.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन तालुक्यातील वाड्यांची त्या काही तासांत जी दशा झाली, तिचे वर्णन वर्तमानपत्रांतून पुष्कळ आले आहे. येथे विचार करावयाचा तो त्यानंतर झालेल्या मोजणीचा. राज्य शासनाने फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असा दर ठरविला. आपत्ती-निवारण निधीच्या त्या वेळच्या केंद्रीय निकषाप्रमाणे बहुवार्षिक पिकांस हेक्टरी १८ हजार रुपये मिळत. तेव्हा राज्याने हात आखडता घेतला असे म्हणता येणार नाही. अडचण दराची नव्हती, मापाची होती. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्यास सुमारे ५०० रुपये. पाच गुंठ्यांच्या वाडीस अडीच हजार, आणि तेही सातबारावरील सगळ्या नावांत वाटून घ्यावयाचे. पुढे झाडागणिक दर आला : पोफळीस ५० रुपये, नारळास २५० रुपये. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळानंतरच्या मदतीतही हेच आकडे कायम राहिले.

ह्या दोन मापांची तुलना उद्‌बोधक आहे. पोफळीची शिफारस केलेली लागवड २.७ मीटर अंतराने करतात, म्हणजे हेक्टरी सुमारे १,३७० झाडे बसतात. ५० रुपयांप्रमाणे त्यांचे सुमारे साडेअडुसष्ट हजार रुपये होतात. प्रत्यक्षातील वाड्यांची लावणी ह्याहून दाट आणि मिश्र असल्याने झाडागणिक मोजणी वाडीवाल्यास अधिक न्याय देते. निव्वळ नारळाच्या बागेत मात्र साडेसात मीटर अंतराने हेक्टरी पावणेदोनशेच्या घरात माड बसतात आणि हिशेब ४४ हजारांवर येऊन थांबतो. हानी एकच असता माप बदलले की भरपाई बदलते. ह्यात कोणाचा कपटभाव नाही. ज्या वस्तूला बाजारात विक्रीची किंमत नसते (उभी पोफळ कोणी विकत घेत नाही, तिची सुपारी घेतात), तिचे मोल ठरविणाऱ्यास कोणते तरी माप आधी निवडावेच लागते आणि निष्कर्षाचा अर्धा भाग त्या निवडीतच दडलेला असतो. कर्बवायूची किंमत ठरविणाऱ्यांसही हाच प्रसंग वेगळ्या प्रमाणावर येतो.

आता प्रश्न असा की, ही वाडी आणि दूरच्या धुराडी ह्यांचा संबंध पिगूंच्या ठिणग्यांइतका सरळ जोडता येतो काय ? अर्थातच नाही. एखादे विशिष्ट वादळ हवामानबदलामुळेच झाले असे कोणताही जबाबदार शास्त्रज्ञ म्हणत नाही. कोकणच्या किनाऱ्यास वादळे पूर्वीही ठाऊक होती. तथापि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, १९८२ ते २००० ह्या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ ह्या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांच्या संख्येत ५२ टक्क्यांनी आणि अतितीव्र वादळांच्या संख्येत १५० टक्क्यांनी वाढ झाली. त्याच काळात बंगालच्या उपसागरातील संख्या किंचित घटली. समुद्र तापल्याचा हा परिणाम आहे. म्हणजे संबंध आहे, पण तो संभाव्यतेच्या भाषेत आहे. दर टन कर्बवायू जगातील सर्व वाड्यांच्या पडण्याचा संभव तिळातिळाने वाढवितो, आणि पडते ती मात्र एक विशिष्ट वाडी, एका विशिष्ट दुपारी.

कार्बन-किंमतीचे समर्थक ह्यालाच आपल्या पद्धतीचे बलस्थान मानतात, आणि त्यात तथ्य आहे. कारण-परिणामाची साखळी न्यायालयात सिद्ध करणे अशक्यप्राय असते. ती सिद्ध करीत न बसता सर्व हानीची सरासरी काढावी व ती दर टनावर वाटून टाकावी, म्हणजे धूर सोडणाऱ्यास योग्य तो संकेत मिळतो, असा हा युक्तिवाद आहे. संकेताच्या बाजूने तो निर्दोष आहे. पण सरासरीत वाटली गेलेली हानी पुन्हा ज्याची त्याला परत करण्याची कोणतीही वाट ह्या पद्धतीत नाही.

ही वाट नसणे हा अपघात नाही, हे सिद्धान्ताचा पुढील इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते. रोनाल्ड कोस ह्यांनी १९६० च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात पिगूंच्या त्याच ठिणग्या पुन्हा तपासल्या. इंग्लंडातील रेल्वे कंपन्या संसदेच्या कायद्याने चालत असल्याने हयगय सिद्ध झाल्याखेरीज त्यांच्यावर भरपाईचे दायित्व येतच नव्हते. १९०५ च्या कायद्याने शेतजमीन व पिके ह्यांच्या हानीबाबत ते आणले, पण १०० पौंडांच्या मर्यादेपर्यंतच. (हेक्टरांची असो वा पौंडांची, मर्यादा घालण्याची शासनाची वृत्ती जुनी आहे.) कोस ह्यांचे म्हणणे असे की, हानी उभयपक्षी असते. ठिणगी आहे म्हणून वन जळते हे जितके खरे, तितकेच वन तेथे आहे म्हणून ते जळते हेही खरे. तेव्हा एकंदर उत्पादन कोणत्या व्यवस्थेत अधिक होते एवढेच पाहावे. विल्यम बॉमोल ह्यांनी १९७२ साली ह्याच्याही पुढे जाऊन प्रतिपादिले की, प्रदूषकावर कर बसवावा, परंतु पीडितास भरपाई देऊ नये. भरपाई मिळते म्हटल्यावर लोक धुराच्या छायेतून हलणार नाहीत आणि पीडितांची संख्या कृत्रिमरीत्या फुगेल.

तिसरा पक्ष येथे गळाला, आणि तो विचारपूर्वक गाळला गेला. धुराड्याशेजारी धोबीखाना काढणाऱ्याच्या बाबतीत बॉमोल ह्यांचे म्हणणे मान्य करावे लागेल. दिवेआगरच्या वाडीस ते लागू करू गेल्यास मात्र त्याचा विपर्यास होतो. धोबीखाना हलविता येतो. पाच-सात वर्षांनी धरणारी आणि चाळीस वर्षे टिकणारी पोफळ हलविता येत नाही. ती लावली गेली तेव्हा समुद्राचे हे तापमान नव्हते, आणि लावणाऱ्यास ते ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. शिवाय ‘हलण्या’साठी समुद्रकाठच्या वाडीला पर्यायी जागा कोणती ? खाऱ्या वाऱ्याची पण गोड्या पाण्याची ती चिंचोळी पट्टी हाच तिचा आधार आहे. सिद्धान्त पीडितास हलावयास सांगतो तेव्हा त्याने हलण्याचा खर्च शून्य धरलेला असतो. वाडीवाल्याने नवी लागवड करताना जाती व अंतरे बदलावीत, वाऱ्याच्या बाजूस आडोसा धरावा, एवढी अपेक्षा रास्त आहे. परंतु तिच्यासाठीही भांडवल लागते, आणि ते ५० रुपयांत उभे राहत नाही.

किंमत ठरविण्याच्या शास्त्राकडे वळले तर तेथेही वाडी दिसते ती दुर्बिणीच्या उलट्या टोकातून. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ साली एक टन कार्बन डायॉक्साइडची सामाजिक हानी १९० डॉलर, म्हणजे १५ हजार रुपयांहून अधिक, धरली. त्याच देशाच्या शासनाने २०१० साली मध्यवर्ती आकडा २१ डॉलर धरला होता. मधल्या काळात विज्ञान पुढे गेले हे खरे, पण ह्या तफावतीचा मोठा भाग वटावदरातून आला आहे. उद्याची हानी आज किती लेखावी, ह्याचा तो दर. दर अधिक धरला की नातवाच्या वाडीची किंमत आज जवळजवळ काहीच उरत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात जगाची हानी देशवार विभागून दाखविली होती. तीत दर टनामागे सर्वांत मोठा वाटा भारताचा निघाला : ८६ डॉलर. हा आकडा भारतीय वाटाघाटींत पुराव्यादाखल उपयोगी पडण्याजोगा आहे. त्याचे देणेकरी कोण, हा प्रश्न मात्र त्या अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहतो.

भारताने स्वतः काय केले ? २०१० साली दगडी कोळशावर टनास ५० रुपयांचा ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ बसविण्यात आला. तो २०१४ मध्ये १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला. एक टन भारतीय कोळसा जळला म्हणजे स्थूलमानाने दीड ते पावणेदोन टन कर्बवायू निघतो. म्हणजे ४०० रुपयांचा उपकर हा टनामागे अडीचशे रुपयांच्या आगेमागे असलेला कार्बन-करच होता, जरी त्यास तसे नाव कोणी दिले नव्हते. ५० आणि २५० हेच आकडे पोफळीच्या आणि माडाच्या दरातही यावेत हा निव्वळ योगायोग आहे, त्यावर काही उभारू नये. तरी दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडून पाहण्याचे कारण ज्यांना कधी पडले नाही, त्यांनी एकदा ते मांडून पाहावे.

ह्या उपकराची कहाणी धोरणाच्या अभ्यासकांनी जितकी अभ्यासावयास हवी होती तितकी अभ्यासलेली दिसत नाही. २०१०-११ ते २०१७-१८ ह्या काळात त्यातून सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. ज्या निधीसाठी तो बसविला होता त्या राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीकडे त्यांपैकी सुमारे २९,६४५ कोटी वर्ग झाले, आणि प्रकल्पांवर खर्ची पडले ते सुमारे १५,९११ कोटी. जुलै २०१७ मध्ये वस्तु व सेवा कर आला तेव्हा उपकराचे रूपांतर राज्यांना महसुली तूट भरून देण्याच्या उपकरात झाले. टनास ४०० रुपये तेच राहिले, फक्त त्यांचा हेतू बदलला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तेही रद्द झाले आणि कोळशावरील वस्तु व सेवा कराचा दर ५ वरून १८ टक्के करण्यात आला. हा बदल वरकरणी तांत्रिक वाटतो, परंतु सिद्धान्ताच्या दृष्टीने तो मूलगामी आहे. पूर्वीचा कर वजनावर होता, आताचा मूल्यावर आहे. हलक्या प्रतीचा, राखेचे प्रमाण अधिक असलेला कोळसा स्वस्त असतो. मूल्यावरील करात त्याच्यावर टनामागे कर कमी बसतो. पिगूंच्या कराचे उरलेसुरले लक्षणही येथे संपले.

त्याची जागा घेणारी व्यवस्था म्हणजे कार्बन क्रेडिट व्यापार योजना. तिच्यासाठी नऊ उद्योग निवडले गेले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांपैकी ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली व कागद ह्या चार उद्योगांतील कारखान्यांना पहिली लक्ष्ये नेमून देण्यात आली. लक्ष्य एकूण उत्सर्जनाचे नसून उत्पादनाच्या दर एककामागील उत्सर्जनाचे आहे. लक्ष्याहून सरस कामगिरी करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळतात आणि मागे पडणाऱ्याने ती विकत घ्यावयाची. वाढत्या अर्थव्यवस्थेत उत्पादनावर मर्यादा नको, हा ह्यामागील विचार समजण्यासारखा आहे, आणि त्याची टवाळी करणे सोपे असले तरी योग्य नव्हे. परंतु पैसा कोठून कोठे जातो ते पाहावे. तो एका कारखान्याकडून दुसऱ्या कारखान्याकडे जातो. परवान्यांचा लिलाव नाही, त्यामुळे सरकारी तिजोरीत काही येत नाही. उपकराच्या काळात निधी तरी होता, मग तो भलतीकडे खर्च झाला असो. आता भलतीकडे खर्च करण्यासही काही राहिलेले नाही.

रायगड जिल्ह्याच्याच उत्तर भागात, पेण तालुक्यात, डोलवी येथे धरमतर खाडीकाठी मोठा पोलाद कारखाना आहे. पोलाद हा योजनेने निवडलेल्या नऊ उद्योगांपैकी एक. १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाने आयात पोलादावर सीमेवरील कार्बन-आकारणी प्रत्यक्ष लागू केली आहे. म्हणजे भारतीय पोलाद युरोपात गेले तर त्याच्या धुराची किंमत भरावी लागेल, पण ती जमा होईल युरोपात. धूर येथला, समुद्र येथला, पडलेली पोफळ येथली आणि वसुली तेथली. भारताने देशातच किंमत वसूल केली असती तर तेवढी सूट त्या आकारणीतून मिळण्याची तरतूद आहे. उपकर उठविण्यापूर्वी ह्या बाजूचा विचार कितपत झाला, असे विचारणे गैर ठरू नये.

आंतरराष्ट्रीय पातळीवर तिसऱ्या पक्षाची गाळणी तर लेखी झाली आहे. २०१५ च्या पॅरिस कराराबरोबर संमत झालेल्या ठरावाच्या ५१ व्या परिच्छेदात हानीविषयक कलमातून दायित्व वा भरपाई निष्पन्न होत नाही, असे स्पष्ट नमूद आहे. २०२२ साली मान्य होऊन २०२३ साली कार्यान्वित झालेला हानी-निधी ऐच्छिक देणग्यांवर चालतो. कॅनडाने २०१९ पासून इंधनावरील कार्बन-आकाराचा बहुतांश पैसा कुटुंबांना परत देण्याचा स्तुत्य प्रयोग केला. तोही भरणाऱ्यांना परतावा होता, पीडितांना नव्हे, आणि एप्रिल २०२५ मध्ये तो आकारच बंद झाला.

बाजाराच्या पुरस्कर्त्यांचे ह्यावर एक उत्तर असते : वाडीवाल्याने स्वतःच बाजारात उतरावे, त्याची झाडे कर्ब शोषतात, त्यांची क्रेडिटे विकावीत. हे उत्तर ऐकावयास गोड आहे. क्रेडिटाच्या नियमांचा पाया मात्र ‘अतिरिक्तते’वर आहे. योजना नसती तर जे शोषण झाले नसते, तेवढेच मोजले जाते. आजोबांनी लावलेली पोफळ कोणत्याही योजनेवाचून उभी आहे, म्हणून तिचे मोजमाप शून्य. भारतीय योजनेत २०२५ साली खाजणातील खारफुटीच्या नव्या लागवडीची मोजणी-पद्धत मान्य झाली आहे, आणि किनाऱ्याच्या रक्षणाच्या दृष्टीने ती स्वागतार्ह आहे. पण ती वाडीची गोष्ट नव्हे. वाडीपुरता ह्या सर्व व्यवस्थेचा निष्कर्ष असा निघतो की, पोफळ उभी असताना तिला किंमत नाही, पडली की ५० रुपये.

टीकेचा रोख कार्बन-किंमतीच्या कल्पनेवरच आहे असा समज येथे होऊ नये. धुराला किंमत नसावी, असे दिवेआगरच्या वाडीवरून मुळीच सिद्ध होत नाही. किंमत नसलेल्या जगात वाड्या अधिकच पडतील. आक्षेप आहे तो किंमत म्हणजेच न्याय असे मानण्यावर, आणि पीडिताचा हक्क हा निराळ्या, कल्याणकारी खात्याचा विषय आहे असे म्हणून मोकळे होण्यावर. ते निराळे खाते म्हणजे महाराष्ट्रात आपत्ती-निवारणाचे खाते. त्याचा पैसा सर्वसाधारण करांतून येतो, म्हणजे मीठ-मिरची घेणारा वाडीवालाही त्यात भर घालीत असतो.

योजनेतील प्रमाणपत्रांचा काही भाग पुढील वर्षांत लिलावाने विकावा आणि ते उत्पन्न किनारी राज्यांच्या आपत्ती-निधीकडे कायद्यानेच बांधून द्यावे, अशी सूचना ह्यातून सहज निघते. कायद्याने बांधणे आवश्यक, कारण उपकराचा अनुभव ताजा आहे. पण ती सूचना अमलात यावयाची तर त्याआधी एक साधी गोष्ट व्हावयास हवी, आणि तिच्यासाठी ब्रुसेल्सची वा दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. वाडीत झाडे किती, कोणती आणि किती वयाची, ह्याची भरवशाची नोंद सातबाऱ्यावरील पीक-पाहणीत असली पाहिजे. झाडागणिक दर देण्याचे ठरल्यावर पडलेली झाडे मोजता येतात, पण त्यांची वये बुंध्यावरून अदमासाने ठरवावी लागतात. दरात तर वयाचा विचारच नाही. लावून वर्ष झालेले रोप आणि ऐन भरातली पोफळ दोहोंचे मोल सारखेच. वटावदराच्या चौथ्या दशांशावर वाद घालणाऱ्या शास्त्राने एवढी मोजणी हाती घेण्यास हरकत नसावी. श्रीवर्धनास कोकण कृषि विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे, आणि झाडाच्या वयाप्रमाणे उत्पन्न किती धरावे हे सांगू शकणारी माणसे तेथे आहेत.